वरची मूठ

त्या वर्षी कोबीनं आमच्या बेन्मल गावाचा सूड घेतला. आदल्या साली पीक कमी आलं म्हणून सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या होत्या; ते त्यानं मनावर घेतलं असावं. समुद्रापासून टेकडीपर्यंत तांबड्या मातीत हिरवे लांबोडके गड्डे नुसते मांडी घालून बसले होते. उत्तरेचा वारा सुरू झाला, सकाळी पानांवर दहिवराचा थर दिसायला लागला, आणि दरवर्षी उभं शेत बघून बोली लावणारा व्यापारी मात्र आला नाही. फोन केला तर म्हणाला, गुडघा दुखतोय. पीक कमी असलं की त्याचा गुडघा कधी दुखत नसे.

गिलसूच्या घरात ह्या गुडघ्यावर बरेच दिवस चर्चा चालली. घरात माणसं तिघंच. गिलसू, त्याची बायको मीरान आणि गिलसूची आई. आईला गावात कुणी नावानं हाक मारत नाही. ती उसूयंग बंदराकडची मुलगी, लग्न होऊन इकडं आली, तेव्हापासून ती उसूयंगवाली. तिचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक होतं, पण तोही रिटायर झाला.

तोडगा मीराननं काढला.

"राजधानीत, सोलमधल्या बायकांना किमचीचं लोणचं घरी घालायची हौस दांडगी," ती जेवताना म्हणाली. "पण कोबी चिरा, मिठात मुरवा, धुवा, निथळा, ह्याला त्यांच्याकडं ना जागा, ना कंबर. ते आपण करून देऊ. मुरवलेला कोबी पेटीत भरून थेट त्यांच्या दारात."

"आन् न्ह्यायचा कुणी?" उसूयंगवालीनं विचारलं. "ह्यानं?" तिनं चमचा गिलसूकडं रोखला. गिलसू भात खात होता. तो खातच राहिला.

मीरान त्याआधीच एका मालवाहतूक कंपनीच्या डेपोत चार खेपा घालून आली होती. तिथले योम साहेब आधी नाही म्हणाले, मग बघू म्हणाले, आणि शेवटी तिला टाळायला दुसरं दार नव्हतं म्हणून हो म्हणाले. ट्रक हंगामभर रोज गावाच्या वेशीवर येईल. पण प्रयोग म्हणून. पेटी वीस किलोची, त्यात काय असेल ते असो, वीसच. डेपोत पेट्या सरकत्या पट्ट्यावर तोलल्या जातात, आणि पट्टा कुणाची भीड ठेवत नाही. मालात खोट निघाली की ट्रक बंद. मग कोबी पाठीवर घालून तालुक्याला न्या, नाहीतर व्यापाऱ्याचा गुडघा चोळत बसा.

वेशीवर सोसायटीचं भाताचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. ते झाडताना इतक्या घुशी निघाल्या की काही दिवस गावातल्या मांजरांनी घरचं अन्न शिवलं नाही. आळंबीच्या पडवीतल्या मोडक्या मांडण्या आणून मीराननं रांगेनं उभ्या केल्या. तिखटाच्या रांगेला लाल चिंधी बांधली, लसणाच्या रांगेला पांढरी, खारवलेल्या कोळंबीच्या बरण्यांना निळी. आत अगदी कोपऱ्यात, जिथं ओल पोचत नाही, तिथं उंच खिळ्यांवर उसूयंगवालीच्या समुद्री शेवाळाच्या काळ्या गड्ड्या टांगल्या. कागदासारखं पातळ वाळवलेलं ते शेवाळ तिचा भाऊ दर हिवाळ्यात बंदरावरून धाडायचा. रोज सकाळी एक पान विस्तवावर भाजून, तिळाचं तेल लावून ती भाताबरोबर खायची. त्या गड्ड्यांना चिंधी नव्हती. "त्या इकायच्या न्हाईत," एवढं सांगून ती मोकळी झाली होती.

आता मांडण्यांवरून माल उचलून आणायला माणसं हवीत. तरणी पोरं शहरात. राहिल्या म्हाताऱ्या, आणि त्यांच्या कंबरा ह्याच कोबीनं वाकवलेल्या. आमच्याकडं म्हाताऱ्या चालताना आधाराला नातवंडांच्या जुन्या बाबागाड्या ढकलतात. नातवंडं सोलला गेली, गाड्या इथं राहिल्या. मीराननं गावभरच्या बाबागाड्या गोदामात बोलावल्या, मालकिणींसकट.

असं काम जगात कुठं चालत असेल तर मला माहीत नाही. सोलहून मागणी आली की मीरान चिठ्ठी वाचून ओरडायची, "एक कोबी, दोन लाल, एक निळी!" की एखादी आजी डोक्याला फडकं बांधून गाडी ढकलत निघायची. लाल चिंधीपाशी थांबायची, पुड्या गाडीत निजवायची, निळीपाशी थांबायची, बरणीला पुड्यांचा टेकू द्यायची, आणि जिथं बाळाचं डोकं असायचं तिथं चिठ्ठी ठेवून परत यायची. वाटेत दुसरी गाडी भेटली की दोन्ही थांबायच्या. मग रांगेत कोंडी व्हायची.

"अगं चिंदोवाले, गाडी बाजूला घे की!"

"तू घे. माझ्या गाडीत बरण्या हायेत."

"माझ्याबी हायेत."

"तुझ्या उताण्या हायेत. माझ्या उभ्या हायेत. उभ्याला मान असतो."

चिंदोवाली ही शेजारीण. चिंदो बेटावरून आलेली, उसूयंगवालीपेक्षा दोन-चार वर्षांनी धाकटी, आणि तेवढ्यावरून आयुष्यभर ऐकून घेतलेली. पेट्यांना चिकटपट्टी मारायचं कामही तिच्याकडं होतं. पट्टी फाडायला तिला कात्री लागत नसे. दात शाबूत आहेत हे त्या निमित्तानं सगळ्यांना दिसायचं.

गिलसूनं एक जुनी फोर्कलिफ्ट आणली होती. ती आल्यापासून तो खाली उतरलेला कुणी पाहिला नव्हता. पेट्यांची थप्पी ट्रकमध्ये चढवायची, एवढंच तिचं काम. पण तो पिवळी टोपी घालून त्यावर बसून चहाला जायचा, परसाकडंही त्यावरूनच जायचा. मागं जाताना ती पीप-पीप करायची, त्यामुळं गावाला सगळं कळायचं.

पहिल्या ट्रकचा दिवस ठरला तशी मिठाच्या पाण्याच्या टाक्यांची घाई सुरू झाली. गड्डा बुडाशी कापून हातानं दोन भाग फाकवायचे, म्हणजे पानं तुटत नाहीत. प्रत्येक पानाच्या देठाशी जाडं मीठ चोळायचं. टाकीत दाबायचं. मध्येच खालचं वर आणि वरचं खाली करायचं, ते बर्फासारख्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून. बोटं सुजली, नखांतलं मीठ झोंबायला लागलं, आणि चिंदोवालीनं हात काखेत घालून जाहीर केलं की पुढच्या जन्मी ती कोबी होणार, म्हणजे दुसरे लोक गारठतील. मग धुणं, आणि पालथे अर्धे गड्डे फळ्यांवर निथळत ठेवणं. सकाळी ते असे मऊ पडलेले असायचे, जणू त्यांनाच रात्रभर कुणी समजावलं होतं.

भरायच्या वेळी मीरान स्वतः काट्यापाशी उभी राहिली. पिशवीत कोबी, वर चिठ्ठीतल्या पुड्या, काटा वीसवर. तिथून पेटी उसूयंगवालीकडं, ती पिशवीचं तोंड बांधायची. तिच्याकडून बाबागाडीवाल्यांच्या मेजावर, तिथं चिठ्ठी डकवायची. मग चिंदोवालीची चिकटपट्टी. मग गिलसूची थप्पी.

"वीस म्हंजी वीस हां, आत्याबाई," मीराननं सकाळीच बजावलं.

"मला काय सांगतीस? काटा तुझ्याकडं हाय."

सकाळ सरायच्या आत ड्रायव्हर बांग आला. गोलमटोल माणूस, ट्रकच्या काचेवर लहान मुलीचा फोटो. थप्प्या चढल्या. ट्रक वेशीवरून निघाला तेव्हा म्हाताऱ्यांनी बाबागाड्या रांगेनं उभ्या करून हात हलवले. पेट्या निघाल्यात की मुली सासरी चालल्यात, हे परक्या माणसाला कळलं नसतं. उद्या शनिवार. सोलमध्ये नणंदा-भावजया, मावश्या जमणार, मसाला कालवून बसणार, आणि दारात बेन्मलचा कोबी. मीरान टाकीच्या काठावर टेकली आणि पहिल्यांदा हसली.

जेवणं उरकून भांडी पालथी पडली, तोच शिंग वाजलं. ट्रक परत आला होता. भरलेला.

बांग खाली उतरला. त्याच्या तोंडाचा रंग बघूनच मीराननं हातातला चिंब फडका टाकीत टाकला.

"काय झालं?"

"मावशी, म्हणजे ताई," बांग टोपी काढत म्हणाला. "पहिली पेटी पट्ट्यावर ठेवली, लाल दिवा. दुसरी ठेवली, लाल. तिसरी, लाल. योम साहेबांना वाटलं दिवाच बिघडलाय. त्यांनी स्वतःचा जेवणाचा डबा ठेवून बघितला, तर हिरवा."

"मी सगळ्या पेट्या स्वतः तोलल्यात!"

"साहेब विचारत होते, गावात कुणी धोंडे भरतं का? म्हणाले, दिवस मावळायच्या आत नीट करून आणलंस तर आजच्या गाडीनं सोलला जाईल. नाहीतर..." त्यानं पुढचं सांगितलं नाही. ट्रककडं बघितलं फक्त.

पुढचं सगळ्यांनाच माहीत होतं. टाक्यांत उद्याचा कोबी मुरत होता, आणि मिठातला कोबी कुणाचा गुडघा बघून थांबत नाही.

मीराननं एक पेटी ओढली, चिकटपट्टी टरकावली, काट्यावर ठेवली. काटा वीस ओलांडून आरामात पुढं जाऊन बसला. तिनं पिशवी उघडली. तळाशी कोबी, वर पुड्या, सगळं जसंच्या तसं. आणि त्यावर अर्धा गड्डा कोबीचा, जादा. पिशवीबाहेर, पेटीत, एक मुळा. लसणाचे दोन गड्डे. कोपऱ्यात, पेटी धरायच्या भोकातून सरकवलेली तीन रताळी, आणि मूठभर तिखट कागदात बांधून, गाठ मारून.

गोदामात इतकी शांतता पडली की फोर्कलिफ्टनं सुद्धा पीप केलं नाही.

"हा अर्धा गड्डा कुणाचा?" मीराननं विचारलं.

उसूयंगवाली पिशव्यांची दोरी गुंडाळायला लागली. दोरी आधीच गुंडाळलेली होती.

"आत्याबाई?"

"वर घातला," म्हातारी शेवटी म्हणाली. "एकेकच. मापावर मूठभर वर घालत्यातच की. मी एकटीनं घातला, त्यानं काय एवढं आभाळ कोसळलं?"

"अक्का, तू घातलास?" चिंदोवाली ओरडली. "मला वाटलं कुणीच न्हाई घातलं! रितीच पेटी चालली म्हणून मी मुळा घातला!"

"आन् लसूण?" मीराननं विचारलं.

मेजापाशी दोन बाबागाड्या हळूच मागं सरकल्या.

"लसूण बारका हुता," त्यातली एक पुटपुटली. "बारक्याचं काय वजन?"

"तिखट तर नुसतं चव बघाया," दुसरी म्हणाली.

मीराननं वळून नवऱ्याकडं पाहिलं. गिलसूनं पिवळी टोपी डोळ्यांवर ओढली. "रताळी चांगली झाल्यात ह्या वक्ताला," तो म्हणाला. महिन्यातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

"म्हंजी सगळ्यांनीच!" मीराननं कपाळाला हात लावला. "सगळ्यांनी मेळून डोंगर रचला, आणि मी तिथं काट्यावर वीस, वीस करत..."

बांगनं पुढं होऊन तळातला कोबी तेवढा बाहेर काढला, पुड्यांसकट काट्यावर ठेवला. त्याला फक्त खात्री करायची होती. काटा वीसवर आला नाही. वीसच्या पुढं, बऱ्यापैकी पुढं थांबला.

सगळ्या बाबागाड्या मीरानकडं वळल्या.

मीरान लाल झाली. "काटा बरोबर वीसवर आला की," ती खाली बघत म्हणाली, "मला वाटायचं, कुणी म्हणेल कमी भरलं. म्हणून... एक फाकभर..."

चिंदोवालीनं आधी दात दाखवले, मग हसायला लागली, मग पोट धरून बाबागाडीवर वाकली. तिचं बघून सगळ्या. बांगही हसला, मग घड्याळ बघून थांबला.

"हसा," मीरान पदराला डोळे पुसत म्हणाली, आणि पदर म्हणजे मेणकापडाचा एप्रन होता. "पण आता उघडा. सगळ्या पेट्या. जादाचं बाहेर काढा."

इथं हसणं संपलं. कुणी जागचं हललं नाही.

वर घातलेलं परत काढायचं, ही गोष्ट आमच्याकडं कुणी केलेली नाही. बाजारात मीठ विकणारी बाई मापावर मूठ टाकते आणि ती मूठ गिऱ्हाइकाची होते, माप संपलं तरी. ती उचलून परत गोणीत टाकणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडचा घास काढणं. चिंदोवालीनं एक पेटी उघडली, मुळ्याला हात लावला आणि हात काढून घेतला, जणू तो तापलेला होता.

उसूयंगवालीनं एक टोपलं पालथं घातलं आणि सगळ्यांकडं पाठ करून त्यावर बसली.

"मी न्हाई काढनार."

"आत्याबाई, ट्रक बंद झाला तर..."

"हू दे. माझी आय बंदरावर मीठ इकायची. पाऊस असू दे, वारं असू दे, वरची मूठ घातल्याबिगर तिनं माप उचललं न्हाई. सोलमधली बाई पेटी उघडंल. म्हणंल, मोजून धाडलं. बेन्मलची मानसं मोजून देत्यात. मेल्यावर आयला काय तोंड दाखवू?"

मीरान तिच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. दोघींचेही हात मिठानं फुटलेले, तांबडे. बाहेर ऊन टेकडीकडं सरकत होतं.

"ट्रक आला नाही तर सोलची बाई पेटी उघडणारच नाही, आत्याबाई. मग वरची नाही आन् खालची बी नाही."

म्हातारीची नजर वर, शेवाळाच्या खिळ्यांवर. रुसली की ती तिकडंच बघायची.

मीराननंही वर बघितलं. मग उठली, शिडीवर चढली, काळी एक गड्डी काढली, तिच्यातली दहा-बारा पानं वेगळी केली आणि जाऊन काट्यावर ठेवली. काटा हलला नाही. तिनं काट्याला टिचकी मारून बघितली. तो होता तिथंच.

उसूयंगवाली टोपल्यावरून उठून आली. वाकून बघितलं.

"काट्याला दिसत न्हाई?"

"नाही."

"घेनारीला दिसंल?"

"पेटी उघडल्या-उघडल्या. सगळ्यात वर."

म्हातारीनं तिच्या हिवाळ्याकडं, म्हणजे त्या सगळ्या टांगलेल्या गड्ड्यांकडं, एकदा बघून घेतलं.

"मग घाल," ती म्हणाली. "आन् बघत काय बसलाय? उघडा पेट्या!"

मग जे सुटलं ते वाऱ्यासारखं. मुळे निघाले, रताळी निघाली, अर्धे गड्डे निघाले. काढताना प्रत्येकीच्या जिवाला लागायचं, पण लगेच वर शेवाळाची पानं ठेवली की बरं वाटायचं. "घे बाई, हे घे," असं चिंदोवाली पेटीशी बोलायची आणि दातानं पट्टी फाडायची. मीरान काट्यावर. तिच्यापाठी लक्ष ठेवायला बांगला उभा केला, कारण आता तिच्यावर कुणाचा विश्वास राहिला नव्हता. उसूयंगवालीनं एक गड्डी स्वतःपुरती बाजूला ठेवली होती. शेवटच्या दोन-तीन पेट्यांना पानं पुरेनात, तशी ती गड्डीही आली.

मधोमध मात्र जादाच्या मालाचा ढीग उभा राहिला होता, आणि तो बघवत नव्हता. ज्यांचं काम आधी सरलं त्यांनी कुणी सांगायच्या आधीच मोठं घमेलं ओढलं. मुळा चिरला, लसूण ठेचला, तिखट, कोळंबी, भाताची पेज, सगळं कालवलं. चुलीवर डुकराचं मांस चढलं. ट्रक भरत होता तोवर त्या ढिगाची लालभडक किमची होत होती. बांगला रबरी हातमोजे चढवून घमेल्यापाशी बसवलं.

"मावशी, मला गाडी चालवायचीय."

"हातानं चालवतोस न्हवं? तोंड रिकामंच हाय." उसूयंगवालीनं ताज्या कोबीच्या पानात मांसाचा तुकडा गुंडाळला आणि त्याच्या तोंडात कोंबला. बांगच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं की कशाचं ते त्यानं सांगितलं नाही. तोंड भरलेलं होतं.

ऊन टेकडीच्या शेंड्यावर असताना ट्रक हलला. पेट्या वीस-वीस किलोच्या. बांगच्या केबिनमध्ये काय काय होतं ते मात्र मी सांगत नाही, कारण ते मीराननं बघितलं नव्हतं आणि म्हाताऱ्यांनी तिला बघू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं. निथळलेला कोबी फळ्यांवर तयार होता. पेट्या भरल्या, तोलल्या, बांधल्या. ट्रकची वेळ झाली आणि होऊन गेली. गिलसू फोर्कलिफ्टवरून उतरला. तेव्हा गावाला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"पट्ट्यावर काय झालं असंल," चिंदोवाली म्हणाली.

"शेवाळाला काय वजन न्हाई," उसूयंगवाली म्हणाली. पण बाबागाडीचा दांडा तिनं घट्ट धरला होता.

मग धुक्यातून शिंग वाजलं. आधी दिवे दिसले, मग ट्रक, रिकामा. बांग उतरला तोच मीरान पुढं धावली.

"हिरवा?"

"सगळ्या. एकजात हिरवा. सोलला पोचल्यासुद्धा." बांगनं दम घेतला. "पण काल फाटकात अडकलो होतो, ताई."

"कशापायी?"

"लाल दिव्यांनंतर साहेबांनी फाटकात ट्रकचंच वजन करायला लावलं. ट्रक जास्त भरला. योम साहेब स्वतः आले. केबिन उघडली." त्यानं म्हाताऱ्यांकडं बघितलं. सगळ्या धुक्याकडं बघत होत्या. "माझ्या पायाशी डबा, सीटवर डबा, मुलीच्या फोटोखाली डबा. झाकणांना फडकी बांधलेली."

"मग?" मीरानचा आवाज बारीक झाला.

"मग साहेबांनी त्यातला मोठा डबा तपासणीला ठेवून घेतला. त्यानंतर वजन बरोबर बसलं."

"आज उशीर का?"

"साहेब तपासणीचा डबा धुऊन देत होते. म्हणाले, उद्यापण ट्रक पाठवायचाय, परवापण. हंगामभर. आणि हे दिलंय." त्यानं केबिनमधून डबा काढला. कुणाचंही भांडं रिकामं परत करत नाहीत, एवढं योम साहेबांनाही कळत होतं. डबा चमकणाऱ्या सालीच्या बारक्या संत्र्यांनी काठोकाठ भरलेला होता.

मीराननं फोर्कलिफ्टच्या चाकाला टेकून डोळे मिटले. चिंदोवालीनं तिच्या पाठीत आनंदानं असा धपका घातला की ती परत उभी राहिली.

उसूयंगवालीनं डबा हातात घेतला. जरा उचलून बघितला. काठाला बोट फिरवलं. मग बांगकडं बघितलं.

"हे तर मोजून हाय," ती म्हणाली. "वर कुठं हाय?"

बांग गोंधळला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग त्यानं जाकिटाच्या खिशात हात घातला, वाटेत खायला म्हणून ठेवलेलं एक संत्रं बाहेर काढलं, आणि डब्याच्या सगळ्यात वर, हळूच, मधोमध ठेवलं.

"हां," म्हातारी म्हणाली. डबा बाबागाडीत निजवला, आणि गिलसूला ओरडली, "वर चढ आता! ट्रक काय माझ्या तोंडाकडं बघायला आलाय?"